गुणधर्म की नाते? : एका चौकटीची झडती

साहित्याची आणि समाजचिंतनाची चर्चा करणाऱ्या या पानांवर सॉफ्टवेअरच्या आराखड्याची समीक्षा कशासाठी, असा प्रश्न काही वाचकांच्या मनात येईल. तो रास्त आहे आणि त्याचे उत्तर आरंभीच दिले पाहिजे. कवितेतला आणि कादंबरीतला माणूस कसा रेखाटला गेला याची झडती आपण गेली पन्नास-साठ वर्षे घेत आलो आहोत. प्रस्थापित साहित्याने आपल्याला कोणत्या चौकटीत बसवले, कोणते विशेषण चिकटवले, हे आपण निर्भीडपणे तपासले. आज माणसाचे आणखी एक रेखाटन रोज होत आहे. ते कुणी पुस्तक म्हणून वाचत नाही, पण त्यावर प्रवेश ठरतो, शिष्यवृत्ती ठरते, दाखला मिळतो किंवा अडतो. हे रेखाटन सॉफ्टवेअरचा आराखडा करणारा माणूस करतो. तेही एक लेखनच आहे. त्यात निवड आहे, वगळणूक आहे, दृष्टिकोन आहे. जिथे दृष्टिकोन आहे तिथे समीक्षेला जागा आहे, अशी माझी धारणा आहे.

मी एका तालुक्याच्या गावी महाविद्यालयात संगणकशास्त्र शिकवतो. ऑब्जेक्ट-ओरिएंटेड डिझाइन हा माझ्या विषयातला एक भाग. प्रत्यक्ष प्रोग्राम लिहिण्यापूर्वी फळ्यावर चौकटी काढायच्या. एकेका चौकटीला क्लास म्हणतात. चौकटीच्या वरच्या कप्प्यात क्लासचे नाव, मधल्या कप्प्यात त्याचे गुणधर्म आणि खालच्या कप्प्यात त्याने करायची कामे. दोन चौकटींमध्ये ओढलेली रेघ म्हणजे त्यांच्यातले नाते. पुस्तके ज्याला अॅट्रिब्यूट म्हणतात त्याला मी येथे गुणधर्म म्हणेन, आणि इनहेरिटन्सला वारसा. क्लास हा शब्द मात्र तसाच ठेवतो, कारण वर्ग म्हटले की आपल्या वाचकांपुढे दुसराच अर्थ उभा राहील.

एकदा मी मुलांना वसतिगृह प्रवेशाचा आराखडा करायला सांगितला. एका गटाने फळ्यावर 'विद्यार्थी' ही चौकट काढली आणि मधल्या कप्प्यात लिहिले: नाव, जन्मतारीख, पत्ता, इयत्ता, जात. मग त्यातला एक मुलगा माझ्याकडे वळून म्हणाला, "सर, ओपनवाल्यांचं हे रिकामं ठेवलं तर चालेल ना?" त्याच्या स्वरात काहीही वावगे नव्हते. तो एक तांत्रिक प्रश्न विचारत होता. म्हणूनच तो मला अधिक लागला. तास संपल्यावर एक मुलगी आली. ती म्हणाली, "सर, माझी आई बौद्ध आहे, वडील मराठा. मी या खान्यात काय लिहू?" या दोन प्रश्नांनी मला हा लेख लिहायला भाग पाडले.

प्रथम या पद्धतीचा जन्म कुठे झाला ते पाहू. क्लास ही कल्पना प्रोग्रामच्या भाषेत आणली ती नॉर्वेच्या ओले-योहान दाल आणि क्रिस्टन निगार्ड या दोघांनी. ऑस्लोच्या नॉर्वेजियन कॉम्प्युटिंग सेंटरमध्ये १९६०च्या दशकात त्यांनी सिम्युला ही भाषा घडवली आणि सिम्युला ६७ मध्ये क्लास आणि उपक्लास अवतरले. जगातल्या घडामोडींची नक्कल संगणकात उभी करावी, हा या भाषेचा मूळ हेतू होता. म्हणजे प्रारंभापासूनच हे जगाचे चित्र काढण्याचे साधन आहे. पुढे अमेरिकेत झेरॉक्स कंपनीच्या संशोधन केंद्रात अॅलन के आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्मॉलटॉक भाषा केली. 'ऑब्जेक्ट-ओरिएंटेड' हे नाव के यांचेच. १९९८ साली त्यांनीच खंत व्यक्त केली की, 'ऑब्जेक्ट' या शब्दामुळे लोकांचे लक्ष वस्तूवर खिळून राहिले. खरी मोठी कल्पना वस्तूंमध्ये होणाऱ्या निरोपांच्या देवाणघेवाणीची होती. ही खंत वाचकांनी लक्षात ठेवावी. एखादी गोष्ट वस्तूत शोधायची की वस्तूंच्या परस्पर व्यवहारात, हाच माझ्याही लेखाचा प्रश्न आहे.

आता गुणधर्म आणि नाते यांतला फरक. गुणधर्म एका वस्तूपुरता असतो. पुस्तकाची पाने किती, हे सांगायला दुसऱ्या पुस्तकाची गरज नाही. नात्याला मात्र दोन टोके लागतात. पुस्तक उसने नेणे हे पुस्तकाचेही नव्हे आणि वाचकाचेही नव्हे; ते दोघांमधले आहे. १९७६ साली पीटर चेन यांनी माहितीच्या मांडणीसाठी वस्तू आणि नाते या दोन निरनिराळ्या खुणा दिल्या. १९९७ साली बूच, रम्बॉ आणि याकोबसन यांच्या प्रयत्नातून यूएमएल ही चौकटी-रेघांची सर्वमान्य लिपी झाली, तिच्यातही हा भेद आहे. यूएमएलमध्ये एक फार उपयोगी सोय आहे: नात्यालाच स्वतःची चौकट देता येते. नेहमीचे उदाहरण पगाराचे. पगार हा माणसाचा गुणधर्म म्हणावा, तर तोच माणूस दोन ठिकाणी काम करतो तेव्हा दोन पगार होतात. कंपनीचा गुणधर्म म्हणावा, तर प्रत्येक कामगाराचा वेगळा. म्हणून पगार लिहायचा तो 'नोकरी' या नात्याच्या चौकटीत. नोकरी संपली की पगारही संपला. माणूस उरतो.

विद्यार्थ्यांची नेहमीची चूक अशी की नात्याला ते गुणधर्म करून टाकतात, कारण ते सोपे असते. रेघ ओढायची म्हणजे दुसऱ्या टोकाला काय आहे याचा विचार करावा लागतो. गुणधर्म लिहिला की एका ओळीत काम भागते. क्रेग लार्मन यांच्या पुस्तकात यासाठी एक साधा निकष आहे. प्रत्यक्ष जगात जी गोष्ट नुसता आकडा किंवा नुसती अक्षरे नसते, तिला गुणधर्माच्या ओळीत कोंबू नये. तिला स्वतंत्र चौकट द्यावी. मी हा निकष वर्षानुवर्षे शिकवत आलो. विमान, दुकान, ग्रंथालय यांना तो लावला. जातीला लावून पाहिला नव्हता, ही माझी चूक मला कबूल केली पाहिजे.

तो लावला तर काय दिसते? बाबासाहेबांनी १९१६ साली कोलंबिया विद्यापीठात भारतातील जातींवर जो निबंध वाचला, त्यात त्यांनी दाखवून दिले की एकटी जात अशी वस्तूच असू शकत नाही. जाती असतात त्या अनेकवचनीच. आराखड्याच्या भाषेत याचा अर्थ स्वच्छ आहे. ज्याला एकटे अस्तित्व नाही ते गुणधर्म नव्हे, ते नाते. त्याच निबंधात त्यांनी जातीचे मर्म सजातीय विवाहबंधनात शोधले. म्हणजे मुळात आहे ते 'विवाह' हे नाते. त्या नात्यावर समाजाने एक अट घातली, की दोन्ही टोकांचे मूल्य एकच असले पाहिजे. ही अट जोवर पाळली जाते तोवर पुढच्या पिढीच्या खान्यात काय भरायचे याचा प्रश्नच उद्भवत नाही. आईचे आणि बापाचे एकच, म्हणून मुलाचेही तेच. माणसाच्या अंगभूत गुणासारखी जी जात दिसते, ती वस्तुतः या अटीची बेरीज-वजाबाकी आहे. अशा गोष्टीला यूएमएलमध्ये साधित गुणधर्म म्हणतात आणि तिच्या नावाआधी एक तिरपी रेघ देतात. जन्मतारखेवरून वय काढता येते, म्हणून वयाआधी ती रेघ. आमच्या फळ्यावर जातीआधी ती रेघ नव्हती. जणू ती नावासारखी, जन्मतारखेसारखी माणसाबरोबरच आलेली.

अट मोडली की हिशेब कसा अडतो, हे माझ्या विद्यार्थिनीच्या प्रश्नात आहे. अनुसूचित जमातीची आई आणि बिगर-आदिवासी वडील यांच्या मुलाचा प्रश्न गुजरातमधून आलेल्या एका अपिलात सर्वोच्च न्यायालयापुढे होता. २०१२ साली न्यायालयाने सांगितले की, मुलाची जात वडिलांची, असे गृहीत धरता येईल. पण ते गृहीतक अंतिम नाही. आपण आईच्या समाजात वाढलो, त्या समाजाच्या इतर माणसांप्रमाणेच वंचना आणि अवहेलना सोसली, हे मुलाला पुराव्याने दाखवता आले पाहिजे. वाचकांनी नीट पाहावे. खान्यात काय भरायचे हे ठरवण्यासाठी न्यायालयाला मुलाच्या अंगातला कोणताही गुण विचारता आला नाही. तो कुणात वाढला आणि लोक त्याच्याशी कसे वागले, हेच विचारावे लागले. म्हणजे नातीच विचारावी लागली.

येथे वारशाकडे वळतो, कारण या पद्धतीचे सर्वात मिरवलेले अंग तेच आहे. वरच्या क्लासचे गुणधर्म आणि कामे खालच्या क्लासला आपोआप मिळतात. पुस्तकात प्राणी आणि त्याखाली कुत्रा, व्यक्ती आणि त्याखाली विद्यार्थी व शिक्षक. प्रथमदर्शनी हे फार सुबक वाटते. पण शिकवणीचे पैसे मिळवत एम.एस्सी. करणारा मुलगा विद्यार्थीही असतो आणि शिक्षकही. वारशाच्या झाडात त्याला बसायला फांदी सापडत नाही. कारण विद्यार्थी असणे ही माणसाची जात नव्हे. ती काही काळ घेतलेली भूमिका आहे. १९९४ साली गॅमा, हेल्म, जॉन्सन आणि व्हिलसिडिस या चौघांनी आराखड्यांवर जे गाजलेले पुस्तक लिहिले, त्यात वारशाऐवजी वस्तूंच्या जोडणीला पसंती द्यावी असा स्पष्ट सल्ला आहे. वारसा प्रोग्राम लिहितानाच ठरून जातो. जोडणी पुढे बदलता येते. संगणकवाल्यांना हे अनुभवाने शिकायला जवळजवळ तीन दशके लागली.

आपल्याला हे वेगळ्या रीतीने ठाऊक होते. वारशाने नुसते गुणधर्म येत नाहीत, कामेही येतात, हे महार वतनाने दाखवून दिले होते. १८७४ च्या मुंबईच्या वंशपरंपरागत हुद्द्यांच्या कायद्याखाली बापाची कामे मुलाला चिकटत. सांगावा नेणे, सरकारी माणसाची सेवा, मेलेले ढोर ओढणे, अशी कामे. नाही म्हणण्याची सोय नव्हती. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात त्या कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले. कनिष्ठ वतने नष्ट करणारा कायदा व्हायला १९५८ साल उजाडले. दया पवारांच्या १९७८ च्या आत्मकथनाचे नाव 'बलुतं' आहे, हेही येथे ध्यानात घ्यावे. ते जातीचे नाव नव्हे. ते कामाच्या मोबदल्यात गावाकडून मिळणाऱ्या धान्याच्या वाट्याचे नाव आहे. एका टोकाला गाव आहे आणि दुसऱ्या टोकाला महारवाडा. आपल्या लेखकाने आपली कहाणी सांगताना गुणधर्माचे नाव घेतले नाही, नात्याचे घेतले.

वारशाबद्दल आणखी एक नियम आहे, त्याचे मोल मला अधिक वाटते. बार्बरा लिस्कोव्ह यांनी १९८७ च्या एका भाषणात तो मांडला आणि १९९४ साली जेनेट विंग यांच्यासह काटेकोर केला. वरच्या क्लासची वस्तू जिथे अपेक्षित आहे तिथे खालच्या कोणत्याही क्लासची वस्तू चालली पाहिजे. प्रोग्राम बिघडता कामा नये. यातूनच एक शिस्त आली. एखादा प्रोग्राम काम करण्याआधी समोरच्या वस्तूला 'तू नेमकी कोणत्या उपक्लासची?' असे ठिकठिकाणी विचारू लागला, तर आराखडा सडला असे समजावे. दोष त्या वस्तूचा नसतो. विचारणाऱ्या ओळींचा असतो. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर जे घडले, ते या नियमाच्या उजेडात मी विद्यार्थ्यांना सांगतो. तळे माणसासाठी होते. माणूस आला, तेव्हा तो कोणता माणूस, हे विचारणारी ओळ समाजाने आधीच लिहून ठेवली होती.

आता पहिल्या मुलाच्या प्रश्नाकडे येतो. 'ओपनवाल्यांचं रिकामं ठेवलं तर?' चौकटीत गुणधर्मापुढे त्याची संख्या लिहायची पद्धत आहे. नेमका एक असेल तर एक. असेल किंवा नसेल तर शून्य ते एक. रिकामे ठेवायची मुभा म्हणजे जातीपुढे शून्य ते एक लिहिणे. म्हणजेच असे विधान करणे की, काही माणसांना जात असते आणि काहींना नसते. हे विधान असत्य आहे. ज्याच्या नावापुढे रिकामे आहे तोही लग्न जातीतच जुळवतो, त्याचेही नातेवाईक एका आळीत राहतात. पण खाना त्याच्यापुरता कोरा, म्हणून तो नुसता माणूस. आणि ज्याच्या खान्यात अक्षरे आहेत तो अमुक जातीचा माणूस. नात्याचे एक टोक पुसून दुसऱ्या टोकाला गाठ मारली की नाते हे त्या टोकाचे व्यंग दिसू लागते.

कायद्याने ही चूक केलेली नाही, हे नमूद केले पाहिजे. घटनेच्या १७ व्या कलमाने अस्पृश्यता नष्ट केली, ती माणसाचा गुण म्हणून नव्हे. पाळली जाणारी रीत म्हणून. १९५५ च्या कायद्याने शिक्षा सांगितली ती पाळणाऱ्याला. १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा सिद्ध व्हायला पीडित व्यक्ती अनुसूचित जातीची वा जमातीची असणे पुरत नाही. आरोपी त्या समूहांबाहेरचा असावा लागतो. म्हणजे कायद्याला दोन्ही टोके लागतात. अशा खटल्यांच्या नोंदी ठेवणारे सॉफ्टवेअर कुणी लिहिले आणि जात फक्त फिर्यादीच्या चौकटीत ठेवली, तर त्या सॉफ्टवेअरला गुन्हाच मांडता येणार नाही.

पण कोरा खाना हा काही आमच्या वर्गातल्या पोराचा शोध नव्हे. १९५१ ते २०११ पर्यंतच्या जनगणनांत जात विचारली गेली ती अनुसूचित जाती-जमातींचीच. बाकी देशाचा खाना साठ वर्षे कोरा राहिला. २०११ साली सामाजिक-आर्थिक व जातनिहाय गणनेत सर्वांना जात विचारली गेली. त्याचे काय झाले, हे केंद्र सरकारने २०२१ साली महाराष्ट्र सरकारच्या याचिकेला उत्तर देताना सर्वोच्च न्यायालयात सांगितले. १९३१ च्या जनगणनेत ४,१४७ जाती होत्या. या गणनेत जातींची ४६ लाखांहून अधिक नावे निघाली. एकट्या महाराष्ट्रात अधिसूचित जाती ४९४, तर नोंदलेली नावे ४,२८,६७७. जातीच्या खान्यात ऐकले तसे लिहिले, की तीच जात प्रत्येक वेगळ्या वर्णलेखनासाठी वेगळी होते. पोटजात, कूळ, आडनाव हेही जात म्हणून उतरते. आराखड्याच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही ही चूक ओळखता यावी. जी गोष्ट स्वतंत्र चौकट मागत होती, पर्यायी नावांची यादी आणि वरच्या-खालच्या समूहांशी रेघा मागत होती, ती नुसत्या अक्षरांच्या ओळीत ठेवली गेली. परिणामी एवढ्या मोठ्या गणनेतले जातींचे आकडे वापरण्याजोगे नाहीत असे सरकारने सांगितले आणि मागासवर्गीयांच्या हक्काचा पुरावा कपाटात राहिला. ३० एप्रिल २०२५ रोजी येत्या जनगणनेत जातींची गणना करण्याचा निर्णय जाहीर झाला आहे. त्या गणनेचा खाना कसा आखला जातो, हा तांत्रिक तपशील म्हणून आपण सोडून देऊ नये. आंदोलने करून मिळवलेली गणना एका वाईट आखलेल्या खान्यात वाया जाऊ शकते.

येथे काही मित्र म्हणतील, की मग हा खानाच काढून टाका. जात लिहूच नका. या सूचनेमागे सद्भाव असेल, पण ती मला मान्य नाही. चौकटीतली ओळ खोडल्याने जगातली रेघ खोडली जात नाही. जिची नोंद नाही तिचा पुरावा नाही. आणि ज्याला पुरावा नाही त्याला शिष्यवृत्ती नाही, राखीव जागा नाही, अनुशेषाचा हिशेब नाही. खाना काढा म्हणणारा बहुधा तोच असतो ज्याचा खाना कधी भरावाच लागला नाही.

मग करायचे काय? याचेही उत्तर या विद्येतच आहे. १९७२ साली डेव्हिड पार्नास यांनी माहिती झाकण्याचे तत्त्व मांडले. प्रत्येक भागाने आपले आतले झाकून ठेवावे, बाहेरच्याला कामापुरते उत्तर द्यावे. मेसच्या यादीला विद्यार्थ्याची जात लागत नाही. खोल्यांच्या वाटपाला लागत नाही. शिष्यवृत्तीच्या कारकुनाला हवे ते एवढेच, की हा विद्यार्थी पात्र आहे की नाही. मी स्वतः ज्या महाविद्यालयात प्रवेश घेतला तिथे भिंतीवर यादी लागली होती. चार-पाच नावांपुढे कंसात एस.सी. असे लिहिलेले, बाकीच्यांपुढे काही नाही. मी माझे नाव शोधले तेव्हा माझ्या मागे उभ्या असलेल्यांनीही ते शोधले. पुढची तीन वर्षे त्या कंसातल्या अक्षरांनी माझी ओळख माझ्याआधी करून दिली. ती यादी हाताने लिहिलेली होती. आज तीच यादी एका क्षणात शंभर ठिकाणी जाते.

पुढच्या तासाला आम्ही ती चौकट पुसून पुन्हा काढली. 'विद्यार्थी' या चौकटीतून जात काढली. 'अधिसूचित समूह' ही वेगळी चौकट केली. तिच्यात अधिकृत नाव, पर्यायी नावे, कोणत्या यादीतला कितवा क्रमांक. विद्यार्थी आणि समूह यांच्यामधल्या रेघेला 'दाखला' ही चौकट दिली. तिच्यात देणारा अधिकारी, तारीख, पडताळणी झाली की नाही आणि केव्हापासून लागू. तारीख का हवी, हे मी मुलांना बौद्धांच्या उदाहरणाने सांगितले. १४ ऑक्टोबर १९५६ नंतर ज्याने धम्म स्वीकारला, त्याला केंद्राच्या अनुसूचित जातींच्या आदेशात स्थान मिळाले ते १९९० साली. माणूस तोच, जगणे तेच, नियम बदलला. ज्या आराखड्यात तारीख नाही त्याला ही चौतीस वर्षे सांगताच येत नाहीत.

आणि जो खाना वसतिगृहाच्या अर्जात ठेवायचा, त्याचे नाव 'जात' न ठेवता 'राखीव जागेचा दावा' असे ठेवले. हा बदल शब्दापुरता नाही. दावा करणे ही कृती आहे. ज्याने दावा केला नाही त्याचा खाना कोरा राहिला तर ते सत्य आहे. त्याला जात नाही असे ते म्हणत नाही. मुलगा म्हणाला, "मग आता शून्य ते एक बरोबर आहे, सर." मी म्हटले, "आता बरोबर आहे."

त्या मुलीने 'विद्यार्थी' चौकटीपासून 'पालक' चौकटीकडे रेघ ओढली आणि तिच्यावर दोन हा आकडा लिहिला. पूर्वी तिथे 'वडिलांचे नाव' एवढाच गुणधर्म होता. वार्षिक परीक्षेला बाहेरच्या परीक्षकांनी तो आराखडा पाहिला आणि विचारले, "एवढ्या साध्या गोष्टीला तीन चौकटी कशाला?" ती म्हणाली, "सर, ती गोष्ट साधी नाही." त्यांनी गुण किती दिले हे मी विचारले नाही.

या चौकटी माणूस पुरता पकडतील, असा माझा दावा नाही. अवहेलनेचा अनुभव कोणत्याही खान्यात मावत नाही. त्यासाठी आपले साहित्य आहे. माझे म्हणणे एवढेच, की जे नाते आहे त्याला गुणधर्म म्हणून लिहू नका. ते खोटे लेखन आहे, आणि त्या खोट्याचा भार एकाच टोकाला पडतो.

शेवटी पुन्हा निगार्ड. ज्याने क्लास ही कल्पना दिली, तोच माणूस १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला नॉर्वेच्या लोखंड व धातू कामगारांच्या संघटनेबरोबर काम करू लागला. कारखान्यात येणारा संगणक कामगाराच्या कामाचे काय करणार हे कामगाराला कळले पाहिजे आणि आराखडा ठरताना त्याला बोलता आले पाहिजे, हा त्याचा आग्रह होता. त्यातून संगणकाच्या वापराबाबत मालक आणि संघटना यांच्यात करार झाले. २००१ सालचा ट्युरिंग पुरस्कार त्याला आणि दाल यांना मिळाला. २००२ साली दोघेही वारले. आमच्या पाठ्यपुस्तकांत सिम्युला एका ओळीत येते, कामगारांची संघटना येत नाही.

आपली मुले आता पुण्यात, हैदराबादेत, परदेशात या चौकटी काढत आहेत. कार्यकर्त्यांना मी विनंती करतो की, नवा अर्ज, नवी ऑनलाइन योजना आली की नुसती मुदत पाहू नका, खाने वाचा. कोणाचा कोरा राहू शकतो, कोणाचा नाही, आणि भरलेला खाना कोण कोण पाहणार, हे विचारा. शिक्षकांनी फळ्यावर 'व्यक्ती' लिहिताना हात क्षणभर थांबवावा. मी बरीच वर्षे तो थांबवला नव्हता.